स्क्रीन थोरलीकडे, कीबोर्ड धाकटीकडे

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नवे पडदे चढले आणि जमिनीपासून चांगले हातभर वर थांबले. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा मास्क खाली ओढून विचारलं, "हे पडदे आहेत की फ्रॉक?"

शिडीवरच्या फिटरने खाली थोरलीकडे पाहिलं. थोरलीने आपल्या पायांकडे पाहिलं. बाहेर बाकावर बसलेला एक पेशंट गाल धरून हसला.

पडद्यांचा धंदा थोरली आणि धाकटी अशा दोन सख्ख्या जावांचा होता. थोरली गिऱ्हाइकांकडे जायची, मापं घ्यायची, कापडाचे नमुने दाखवायची आणि मुख्य म्हणजे बोलायची. धाकटी दुकानामागच्या खोलीत कापायची, शिवायची, कोटेशनं आणि बिलं करायची. बाहेरचं थोरलीकडे, आतलं धाकटीकडे, ही वाटणी कोणी बसून केली नव्हती. सुरुवातीला सोयीची म्हणून पडली आणि मग तशीच अंगवळणी पडली.

थोरली कागदावर पेन्सिलीने खिडकी काढायची, बाजूला आकडे टाकायची आणि फोनवर फोटो पाठवायची. दवाखान्यात तिने दोनशे नव्वद लिहिलं होतं. धाकटीने दोनशे दहा वाचलं आणि अख्खं कापड त्या मापाने कापलं.

"हा नऊ आहे?" धाकटीने फोन तिच्या नाकासमोर धरला.

"मग काय आहे?"

"मला विचाराल तर हा एकच आहे. फार तर आजारी एक म्हणा."

"शंका आली तर फोन करायचा ना!"

"शंकाच आली नाही, ताई. इतका स्वच्छ एक काढलाय तुम्ही."

त्या दिवशी ठरलं, की आता कागद बंद. पण पुढे काय, यावर दोघींचं जमेना. थोरलीला टॅब हवा होता. खिडकीचा फोटो काढायचा, त्याच्यावरच पेनाने मापं लिहायची, गिऱ्हाइकाला तिथेच कापड दाखवायचं, सही घ्यायची आणि निघायचं. धाकटीला लॅपटॉप हवा होता. तिचा जुना कॉम्प्युटर सकाळी सुरू करून चहा करायला गेलं तरी चहा आधी व्हायचा. शिवाय तिला टाइप करायला खरीखुरी बटणं हवी होती. काचेवर बोटं आपटून कोटेशन करणं तिच्याच्याने होणार नव्हतं.

दोन यंत्रं एकदम घेणं परवडणार नव्हतं. अशा वेळी भावजी मध्ये पडले.

भावजी म्हणजे धाकटीचा नवरा. विमा कंपनीत कारकून, पण घरातली कुठलीही वस्तू, अगदी इस्त्रीसुद्धा, आधी तिचे दहा व्हिडिओ पाहिल्याशिवाय घेऊ द्यायचे नाहीत. त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, "टू-इन-वन घ्या. स्क्रीन काढली की टॅब, लावली की लॅपटॉप. वहिनी पण खूश, ही पण खूश. भांडणच मिटलं."

"इतकं सोपं असतं तर सगळ्यांनी तेच घेतलं नसतं का?" धाकटी म्हणाली.

"घेतातच. तुम्हाला माहीत नसतं एवढंच."

रविवारी तिघं दुकानात गेले. निळा टीशर्ट घातलेला एक विक्रेता हसत पुढे आला. "युज काय असणार आहे, मॅडम?"

"पडदे," थोरली म्हणाली.

"म्हणजे डिझायनिंग?"

"म्हणजे पडदे. खिडकीचे."

निळ्या टीशर्टने क्षणभर विचार केला आणि भावजींकडे वळला. तिथून पुढे तो भावजींशीच बोलत राहिला. प्रोसेसर, रॅम, रिफ्रेश रेट, पिढी. पिढ्यांचं तर असं चाललं होतं, की सोयरीक जुळवताना कोणी इतकी कुळं काढत नसेल. भावजी मध्येच डोळे मिटून मान हलवत होते. दोघी जावा बाजूला, पिशव्या हातात धरून, लग्नात ओळखीचं कोणी न भेटलेल्या बायकांसारख्या उभ्या.

"अहो," थोरली शेवटी म्हणाली, "घेणाऱ्या आम्ही आहोत. मला हे खिडकीशी नेऊन बघायचंय."

"सॉरी, मॅडम?"

"आमचं काम खिडकीशी असतं. पडदे नसलेल्या खिडकीशी. उन्हात यावर काही दिसतं का ते बघू द्या."

निळ्या टीशर्टने इकडेतिकडे पाहिलं. दुकानाला खिडकी नव्हती. यंत्र टेबलाला तारेने बांधलेलं होतं आणि ती तार दारापर्यंत पोचत नव्हती. "ब्राइटनेस फुल होतो यात," तो म्हणाला आणि तो फुल करून दाखवला. थोरलीचे डोळे दिपले, पण प्रश्न होता तिथेच राहिला.

धाकटीने हळू आवाजात विचारलं, "आमच्याकडे लेबलं छापायचा छोटा प्रिंटर आहे. प्रत्येक खिडकीच्या कापडाला चिठ्ठी लावावी लागते. तो चालेल ना याला?"

"सगळं चालतं, मॅडम."

"कुठला प्रिंटर ते तुम्ही विचारलं नाही."

"सगळं चालतं," भावजीही म्हणाले.

भावजींनी त्यातलं सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जास्त वेळ चार्जिंग टिकणारं निवडलं. त्यात कुठलासा नव्या जातीचा प्रोसेसर होता, त्याची त्यांनी दोनदा तारीफ केली. काउंटरवर खोका आला. धाकटीने तो उचलून पाहिला. "हलका आहे हो. कीबोर्ड आत आहे ना?"

"कीबोर्ड वेगळा घ्यावा लागतो, मॅडम."

"आणि पेन?"

"पेन पण वेगळं."

"मग या खोक्यात काय आहे?" थोरलीने विचारलं.

"टॅब आणि चार्जर."

"आणि याचा लॅपटॉप कधी होतो?"

"कीबोर्ड घेतला की," निळा टीशर्ट म्हणाला. इतक्या निरागसपणे, की थोरलीला त्याच्यावर नीट चिडताही येईना.

घेतलं सगळं. घरी येऊन तिघांनी ते मधोमध ठेवलं आणि दिसायला ते सुंदर होतं, हे दोघींनाही कबूल करावं लागलं.

पहिल्याच गिऱ्हाइकाकडे थोरलीने ऐटीत पेन काढलं, खिडकीचा फोटो घेतला आणि वर रुंदी लिहायला हात टेकला. तळहाताची एक जाड काळी रेघ खिडकीवरून आडवी गेली. ती पुसली तर फोटोच गेला. पुन्हा काढला. आता ऊन वर आलं होतं. तिने स्क्रीनमध्ये पाहिलं, तर खिडकी नव्हती, तिचाच चेहरा होता, घामेजलेला आणि कपाळाला आठ्या पडलेला. गिऱ्हाईकबाई फार सभ्य होत्या. त्यांनी आतून कागद आणि पेन्सिल आणून दिली.

धाकटीचं वेगळंच. कीबोर्ड चांगला होता, पण कापडासारखा मऊ आणि लवचीक. मागे एक पाय काढून यंत्र उभं करायचं. टेबलावर ठीक. पण धाकटीच्या टेबलावर कायम कापड पसरलेलं असायचं, म्हणून ती यंत्र मांडीवर घेऊन बसायची. मांडीवर ते पेंगणाऱ्या माणसासारखं मागे कलंडायचं. ती एका हाताने त्याला सावरायची आणि एका हाताने टाइप करायची. त्यातून भोक एकच. चार्जर लावला की प्रिंटर नाही, प्रिंटर लावला की चार्जर नाही. त्यासाठी आणखी एक जोडणी विकत आणली. ती लावून प्रिंटर जोडला, तर प्रिंटर मुळी ओळखच दाखवेना.

धाकटी अर्धा दिवस फोनवर होती. बोलणारा पोरगा शेवटी म्हणाला, "मॅडम, तुमचा प्रोसेसर वेगळ्या प्रकारचा आहे. प्रिंटरवाल्यांनी त्याच्यासाठी सॉफ्टवेअर केलेलंच नाही."

"आणि करणार कधी?"

"ते त्यांना विचारावं लागेल."

त्यांना विचारलं. त्यांनी यंत्रवाल्यांना विचारायला सांगितलं. यंत्र घेऊन दोघी दुकानात गेल्या, तर निळा टीशर्ट सुट्टीवर होता आणि दुसऱ्याने सील तुटल्याचं दाखवून हात वर केले. भावजींचं एकच पालुपद, "अपडेट येईल."

"अपडेट येईपर्यंत चिठ्ठ्या तुम्ही लिहा," धाकटी म्हणाली. भावजींनी दोन संध्याकाळी खरंच लिहिल्या. त्यांचं अक्षर थोरलीपेक्षाही वाईट निघालं.

पण या सगळ्यापेक्षा मोठी अडचण कुठल्याच व्हिडिओत नव्हती. टू-इन-वन होतं एकच. थोरली ते घेऊन बाहेर पडली की धाकटी रिकामी. धाकटीचं काम निघालं की थोरली अडकलेली. रोज सकाळी दुकान उघडताना आज यंत्र कोणाकडे यावर धुसफुस. आधी मोठ्याने, मग नुसत्या भांडी आपटल्यासारख्या कात्र्या आपटून.

एका मंगळवारी थोरलीने एक नवं गिऱ्हाईक घेतलं होतं. एक नर्सबाई, कायम रात्रपाळी. दिवसा झोपायचं म्हणून त्यांना पूर्ण काळोख करणारे पडदे हवे होते. आधी दोन पडदेवाल्यांनी त्यांना फसवलं होतं, म्हणजे पडदे दिले होते, पण काळोख दिला नव्हता. फोनवरच त्यांनी बजावलं होतं, "पाळीवरून आले की लगेच या, घंटी वाजवू नका, दार लोटलेलं असेल. आणि फोन बंद ठेवा, मला आवाज सोसत नाही."

थोरली दुकानात आली. टेबलावर यंत्र उभं होतं, धाकटी मागच्या खोलीत मशीनवर. थोरलीने स्क्रीन ओढली, ती टप्पकन सुटली, पिशवीत घातली आणि ती निघाली.

थोड्या वेळाने धाकटी बाहेर आली. टेबलावर नुसता कीबोर्ड पडला होता.

एका शाळेच्या सभागृहाच्या पडद्यांचं कोटेशन तिथल्या व्यवस्थापकाला दुपारपर्यंत द्यायचं होतं. वर्षातलं सगळ्यात मोठं काम. धाकटीने ते काल संध्याकाळपासून केलं होतं, शेवटची दोन पानं राहिली होती, आणि ते सगळं त्या स्क्रीनच्या पोटात होतं. तिने थोरलीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. धाकटीने कीबोर्ड हातात घेतला. आयुष्यात इतकी निरुपयोगी वस्तू आपण कधी हातात धरली नव्हती, असं तिला वाटलं. वर त्याची बटणं ओळीने वाट बघत होती, जणू चल, सांग काय लिहू.

तिने वहीतून नर्सबाईंचा पत्ता घेतला, दुकानाला कुलूप घातलं, कीबोर्ड पिशवीत कोंबला आणि बस पकडली.

नर्सबाई तिसऱ्या मजल्यावर राहत. दार लोटलेलं होतं. थोरली बैठकीच्या खोलीत एका हातात स्क्रीन धरून टेप उलगडत होती. दारात धाकटीला पाहून ती दचकलीच, कारण धाकटी कधी कुठे येत नसे.

"तू? काय झालं? घरी सगळे—"

"घरी सगळे ठीक आहेत. स्क्रीन द्या."

"आत्ता? माझं माप चाललंय!"

"माझं कोटेशन आहे त्याच्यात! विचारून नेता येत नाही?"

"हळू बोल. बाई रात्रभर जागलेल्या आहेत."

"मी पण जागलेय!"

हे सगळं कुजबुजत चाललं होतं, पण अशी कुजबुज भिंतीपलीकडे जास्त ऐकू येते. आतून नर्सबाई आल्या. अजून कामाच्याच कपड्यांत, एक चप्पल पायात, डोळे लाल. त्यांनी एकीच्या हातातली स्क्रीन पाहिली, दुसरीच्या हातातला कीबोर्ड पाहिला.

"तुमचं काय मोडलंय?" त्यांनी विचारलं.

मग धाकटीच म्हणाली, "मोडलं नाही. घेतलंच असं आहे."

नर्सबाई थकल्या होत्या तरी त्यांना हसू आलं. "जेवणाच्या टेबलावर बसा आणि आधी काय ते उरका. मी चहा टाकते. तसंही मला झोप लागणार नाहीच."

धाकटीने स्क्रीन कीबोर्डला लावली आणि बसली. पक्क्या टेबलावर ते यंत्र पहिल्यांदा शहाण्यासारखं उभं राहिलं. तिने पानं पुरी केली आणि फोनचं इंटरनेट जोडून कोटेशन पाठवलं. यंत्र थोरलीकडे सरकवून ती उठली आणि कप ठेवायला आत गेली. स्वयंपाकघराला लागूनच झोपायची खोली होती. दार उघडं होतं. आत जाड काळपट पडदे लावलेले होते आणि तरी खोलीत चांगलं वर्तमानपत्र वाचता आलं असतं.

"हेच का ते?" तिने विचारलं.

"हेच. दुसऱ्याने तर आतून रबराचं अस्तरसुद्धा लावलं. म्हणाला यातून सूर्य आला तर पैसे परत."

"यातून येतच नाहीये," धाकटी म्हणाली. मग थोडी अडखळली. "मी तुमच्या पलंगावर जरा आडवी होऊ का? तुमची उशी जिथे असते तिथे."

नर्सबाईंनी भुवया उंचावल्या, पण चादर नीट केली. धाकटी आडवी झाली. थोरली दारात येऊन उभी राहिली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिऱ्हाइकाच्या पलंगावर! तिने खुणेने उठ म्हणून सांगितलं. धाकटीचं लक्ष नव्हतं.

"रॉड भिंतीपासून पुढे आहे," ती छताकडे बघत म्हणाली. "वरच्या फटीतून उजेड छतावर पडतो आणि छत पांढरं आहे, तिथून तो सरळ डोळ्यांवर येतो. कडेनेही तेच. कापड कितीही जाड घ्या, फरक पडणार नाही. वर रॉड झाकणारी लाकडी पेटी बसवून ती फट बंद करायची. पडद्याच्या दोन्ही कडा वळवून भिंतीला चिकटवायच्या. आणि दार लावल्यावर त्याच्या खालूनही उजेड येत असेल ना?"

"येतो, स्वयंपाकघरातला," नर्सबाई म्हणाल्या. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. "याआधी दोघं येऊन गेले. खिडकी सगळ्यांनी बघितली. माझ्या जागेवरून कोणी बघितलं नव्हतं."

"दिवसा झोप नाही लागली की कसं होतं, ते मला माहितीये. आमची मुलगी लहान असताना मी दिवसाच झोपायचे, मिळेल तेव्हा."

मग दोघी बोलतच राहिल्या. पाळ्यांबद्दल, मुलांबद्दल, दुपारी गच्चीवर कोणीतरी कायम काहीतरी ठोकत असतं त्याबद्दल. थोरली दारात उभी. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या घरात आपल्याला बोलायला काही उरलं नाही, असं तिच्या बाबतीत पहिल्यांदा होत होतं. काहीतरी करायचं म्हणून तिने स्क्रीन सुटी केली आणि खिडकीचा फोटो काढायला गेली. यंत्राने कॅमेरा उघडण्याऐवजी तिच्याकडे पासवर्ड मागितला. तो तिला आठवेना, आणि धाकटीला विचारणं तिच्या जिवावर आलं.

माप घेऊन दोघी खाली रस्त्यावर आल्या. बसथांब्यावर थोरली म्हणाली, "तू इतकं बोलतेस हे माहीत नव्हतं."

"काम असलं की बोलते."

"मग कधी आली का नाहीस बरोबर?"

"तुम्ही कधी चल म्हणालात?"

थोरली रागावली होती, आणि कशावर ते तिलाच नीट सांगता येत नव्हतं. यंत्रावर म्हणावं, तर यंत्र बिचारं पिशवीत निमूट होतं. "मी म्हटलं तुला गिऱ्हाइकांचा कंटाळा येतो," ती शेवटी म्हणाली.

"गिऱ्हाइकांचा नाही, ताई. तुमच्यामागे पिशव्या धरून उभं राहायचा आला असता. म्हणून मीच कधी विचारलं नाही." धाकटी थांबली. "पण तुमच्यासारखं मला जमत नाही. शाळेच्या त्या व्यवस्थापकाला तुम्ही कसं वळवलंत! मी असते तर त्याने मला दारातूनच परत पाठवलं असतं."

"बस आली," थोरली म्हणाली. बस दुसरीच होती, पण तिला तेवढंच बोलता आलं.

त्या आठवड्यात भावजींनी त्यांच्या ऑफिसने काढून टाकलेला एक जाडजूड लॅपटॉप आणून दिला. झाकण कडेला तडकलेलं, वजन विटेसारखं, पण लेबलांचा प्रिंटर लावताच त्याने जुना मित्र भेटल्यासारखी ओळख दिली. भावजींना याचं जरा दुःखच झालं. त्यांनी निवडलेलं पातळ यंत्र थोरलीने वापरायचं सोडूनच दिलं. "मला कागद बरा. आता आकडा अक्षरांतही लिहिते, दोनशे नव्वद, म्हणजे कोणाला आजारी वाटायला नको." यंत्र धाकटीकडे आलं. अवघड कामाला ती स्वतः जाऊ लागली. उन्हात दिसत नाही म्हणून खिडकीकडे पाठ करून, डोक्यावर ओढणी घेऊन ती त्यावर मापं लिहायची. कुरकुर तिचीही होती. पेन वेळेवर मेलेलं असायचं. पण ती निभावून नेत होती.

आणि थोरली दुकानात बसायला लागली, आठवड्यातले काही दिवस. ते तिला सोसेना. समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती हाक मारायची. पोस्टमनला तिने एकदा विनाकारण ब्लाइंड्सचे नमुने दाखवले. धाकटी परत आली की ती पहिल्यांदा विचारायची, "काय म्हणाल्या बाई?" आणि धाकटी सांगायला लागली, की मध्येच, "असं नव्हतं बोलायचं, अगं." धाकटी पाणी पीत ऐकून घ्यायची. कधी वहीत टिपून ठेवल्यासारखं मन लावून, कधी नुसतं ऐकल्यासारखं करून. शेवटी ठरलं, की नव्या गिऱ्हाइकाकडे दोघींनी जायचं. थोरलीने बोलायचं, धाकटीने बघायचं. बोलायची पाळी कधी कोणाची, यावर अजून कुरबुरी होतात.

नर्सबाईंचे पडदे चढवायला दोघीही गेल्या. ठोकाठोकी उरकताच फिटरला लवकर घालवून दिलं. धाकटी शिडीवर होती, थोरलीने शिडी धरली होती. वरची पेटी बसली, कडा भिंतीला लागल्या. नर्सबाईंनी स्वतः दाराखाली जाड कापडाची गुंडाळी लावली आणि दिवा मालवला.

भर दुपारी खोलीत काही म्हणजे काही दिसेना.

"ताई, शिडी धरलीय ना?" अंधारातून धाकटीचा आवाज आला.

"धरलीय. उतर हळू. एकेक पाय."

धाकटी उतरली. पलंगाची लाकडं किंचित वाजली. नर्सबाई आडव्या झाल्या असाव्यात. "जाताना दार लोटून घ्या हं," त्या म्हणाल्या, आणि हे शेवटचे शब्द अर्धे झोपेतच होते.

शिडी तिथेच सोडून, चपला हातात घेऊन दोघी बाहेर आल्या. थोरलीने दार इतक्या हळू ओढलं, की कडी लागली की नाही हे तिला हाताने चाचपून बघावं लागलं. जिन्यात आल्यावर धाकटी कुजबुजली, "आता शिडी कधी न्यायची?"

"संध्याकाळी. त्या उठल्या की."

"मग तोवर?"

थोरली पायरीवर बसून चपला घालू लागली. "तोवर शाळेत जाऊ. सभागृहालाही अशीच पेटी लागेल, ते व्यवस्थापकाला तू समजावून सांग. मी मध्ये बोलणार नाही." मग जरा विचार करून म्हणाली, "फार तर एकदा बोलेन."